विश्लेषण : शेळ्या वाटल्या, पण करडे जगली का?

अनुदानावर शेळ्या मिळतात, पण धंद्यातला नफा ठरतो करडाच्या पहिल्या तीन महिन्यांत. नेमका तोच काळ सरकारी हिशेबातून सुटतो.

मोबाइलवर ‘शेळीपालन’ एवढे टाइप केले की व्हिडीओंची रांग लागते. उंच शेड, धिप्पाड बोकड आणि खाली लाखांत उत्पन्न. त्यामागचे गणितही सोपे वाटते. शेळी साधारण पाच महिन्यांत विते, दोन वर्षांत तीन वेते घेता येतात आणि उस्मानाबादीसारख्या जातीत जुळी करडे नेहमीची असतात. कागदावर यात काही चूक नाही. फक्त एक आकडा बहुतेक वेळा गाळलेला असतो, तो म्हणजे मरतूक.

२०१९च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यातल्या बहुसंख्य मोठ्या फार्मवर नसून भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांच्या दावणीला आहेत. अचानक दवाखाना निघाला, मुलांची फी भरायची झाली, तर हीच शेळी विकली जाते. त्यामुळे करडू मेले की त्या घराची शिल्लकच कमी होते.

योजना नेमके काय देतात?

राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत १० शेळ्या आणि १ बोकड असा गट दिला जातो. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान मिळते. धनगर समाजासाठीच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून ५०० शेळ्या आणि २५ बोकडांपर्यंतच्या प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान असून त्याची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे.

या योजना निरर्थक नाहीत. हातात भांडवल नसलेल्याला सुरुवात करून देण्याचे काम त्या करतात. अडचण पुढची आहे. किती गट वाटले आणि किती निधी खर्च झाला, याची चर्चा होते. त्या गटातून वर्षभराने किती करडे विक्रीच्या वजनापर्यंत पोहोचली, हे सहसा कुणी विचारत नाही.

मरतुकीने गणित किती बदलते?

उदाहरणादाखल १० शेळ्यांचा गट घेऊ. दोन वर्षांत तीन वेते आणि दर वेताला सरासरी दीड करडू धरले तर ४५ करडे होतात. वीसपैकी एक दगावले तर साधारण ४३ उरतात. चारपैकी एक दगावले तर ३४. फरक नऊ करडांचा. एका करडाचे पाच हजार रुपये धरले तरी ४५ हजार रुपये गेले. शिवाय मेलेल्या करडाच्या आईला गाभणकाळात घातलेला खुराक वाया गेला तो वेगळाच. हा फरक महागड्या शेडमुळे किंवा परराज्यातून आणलेल्या जातीमुळे भरून निघत नाही. तो भरून काढणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत, पण त्या वेळेवर व्हाव्या लागतात.

पहिला तास इतका महत्त्वाचा का?

करडू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक घटक जवळपास नसतात. गर्भात असताना ते आईकडून मिळत नाहीत, मिळतात ते चिकातून. आतड्यातून ते शोषून घेण्याची क्षमताही तासागणिक घटते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून जन्मानंतर अर्ध्या ते एक तासात पहिला चीक पोटात जायला हवा आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या सुमारे दहा टक्के. दोन किलोच्या करडाला म्हणजे २०० मिली, तेही तीन-चार वेळा विभागून.

अनेक गावांत अजूनही ‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये’ असा समज आहे. वार पडायला काही तास लागू शकतात आणि तेच तास करडासाठी सर्वात मोलाचे असतात. नाळ स्वच्छ ब्लेडने कापून तिला टिंक्चर आयोडीन लावणे आणि करडू कोरड्या, ऊबदार जागी ठेवणे ही आणखी दोन कामे. या तिन्हींना मिळून शंभर रुपयेही लागत नाहीत.

लस आहे, मग पीपीआर का पसरतो?

पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, हा विषाणूजन्य आजार आहे. जोराचा ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, मग हगवण आणि न्यूमोनिया असा त्याचा क्रम असतो. लस न टोचलेल्या कळपात निम्म्याहून अधिक जनावरे दगावू शकतात. याच कुळातल्या गुरांच्या बुळकांडीचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाले. पीपीआरसाठी जागतिक संघटनांनी २०३० हे लक्ष्य ठेवले आहे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने विकसित केलेली लस देशातच बनते आणि एकदा टोचली की किमान तीन वर्षे संरक्षण देते.

अडचण लशीत नाही, वेळापत्रकात आहे. बाजारातून वेगवेगळ्या कळपांतल्या शेळ्या एकत्र केल्या जातात, टेम्पोत कोंबल्या जातात आणि त्याच दिवशी लाभार्थ्याच्या दावणीला बांधल्या जातात. प्रवासाचा ताण, बदललेला चारा आणि अनोळखी जंतू हे सगळे एकदम येते. आजार अंगात असेल तर तो आठवड्याभरात दिसू लागतो आणि तोवर घरच्या जुन्या शेळ्यांनाही लागलेला असतो. म्हणूनच नव्या शेळ्या किमान तीन आठवडे वेगळ्या बांधाव्यात असे पशुवैद्यक सांगतात. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने ती वेगळी जागा आणायची कुठून, याचे उत्तर योजनेत हवे.

मेंढपाळांचा प्रश्न याहून वेगळा आहे. पुणे-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातील अनेक कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लसीकरणाचे शिबिर गावात लागते तेव्हा कळप दोन जिल्हे पलीकडे असू शकतो. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीच द्यायची असते, कारण पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर हा आजार बळावतो आणि सकाळी धडधाकट दिसणारे कोकरू संध्याकाळपर्यंत मरून पडते. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी ही लस दिली तर तिचे संरक्षण चिकातून कोकरालाही मिळते. कळपाचा रस्ता माहीत असेल तर लस त्या रस्त्यावर नेता येते.

जंताचे औषध सरसकट द्यावे का?

शेळीच्या जठरात राहणारा एक जंत रक्तावर जगतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त शोषतो. असे हजार जंत असतील तर रोज ५० मिली रक्त जाते. त्यावर उपाय म्हणून दर महिन्याला सगळ्या कळपाला एकच औषध पाजण्याची पद्धत पडली आहे. त्यातून औषधाला न जुमानणारे जंत तेवढे शिल्लक राहतात.

दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली सोपी पद्धत इथेही वापरता येते. खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा. लालबुंद असेल तर औषधाची गरज सहसा नसते, फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल तर आहे. लेंड्यांची तपासणी करून औषध ठरवणे हा त्याहून पक्का मार्ग. मात्रा अंदाजाने न देता वजनावर द्यावी.

बोकड किती दिवस ठेवायचा?

२५ ते ३० शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. पण तोच बोकड तीन-चार वर्षे राहिला तर त्याच्याच मुली त्याच्याकडून गाभण राहतात. करडे कमी वजनाची आणि अशक्त निपजतात. दुसरी चूक बाजार करायला लावतो. बकरी ईदला सर्वात देखणा, वेगाने वाढलेला बोकड चांगल्या भावात जातो आणि मागे उरलेला पैदाशीला राहतो. वर्षानुवर्षे असेच झाले तर कळप खुजा होत जातो. दीड-दोन वर्षांनी दोन गावांनी बोकड अदलाबदल केले, तर खर्च जवळपास शून्य आहे.

मग बदलायचे काय?

पहिले, वाटपापूर्वी किमान तीन आठवडे शेळ्या तालुक्याच्या ठिकाणी एकत्र ठेवाव्यात, तिथेच लसीकरण व्हावे आणि नोंद कानातील बिल्ल्याच्या क्रमांकावर असावी. दुसरे, योजनेच्या अहवालात वर्षभरानंतर जगलेल्या करडांचा रकाना सक्तीचा करावा. तिसरे, गावात राहणाऱ्या पशुसखींना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काम करण्यासाठी लस ठेवण्याचा थंड डबा आणि नियमित मोबदला मिळावा. १९६२ क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो, पण विणाऱ्या शेळीपाशी पहिल्या तासात पोहोचेल ती गावातलीच बाई.

‘देशी शेळी काटक असते, तिला कशाला हवीत इंजेक्शने’ असे म्हटले जाते. शेळी काटक आहेच, पण नवजात करडू काटक नसते आणि विषाणू जात पाहत नाही. विमा जरूर काढावा. केंद्राने २०२४ मध्ये पशुपालकाचा हप्त्यातील वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. मात्र विमा मेलेल्या जनावराचे पैसे देतो, पुढचे वेत देत नाही. सरकार शेळीवर हजारो रुपये खर्च करते, मग तिच्या करडापर्यंत वेळेत लस पोहोचवण्याचा खर्च टाळण्यात कसली बचत आहे?