शब्दाची संगत

घोडबंदर रस्त्यानें शाळेस येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें मागें वर्गांत मोठी मौजेची शंका विचारली. मेट्रोच्या कामामुळें रस्त्यावर 'डायव्हर्शन' असे फलक लागले होते. घरीं जाऊन त्यानें कोश उघडला, तों त्या शब्दापुढें अर्थ दिसला 'करमणूक'! "गुरुजी, तासभर गाडी एकाच जागीं उभी, ह्यांत करमणूक ती कसली?" वर्ग हंसला. मला मात्र त्या मुलाचें कौतुक वाटलें, कारण कोशांतला अर्थ फलकाच्या जागेशीं जुळत नाहीं, एवढें त्यानें ओळखलें होतें. 'डायव्हर्शन' म्हणजे मुळांत वळविणें. मन नेहमींच्या कामावरून वळविलें कीं करमणूक. वाहन नेहमींच्या वाटेवरून वळविलें कीं वळणरस्ता. कोश खोटा नव्हता. अनेक अर्थांपैकीं येथें कोणता लागू, हा निवाडा वाचणारानेंच करावयाचा असतो.

इंग्रजी शब्द अडला कीं आमचीं मुलें बहुधा दोहोंपैकीं एक करतात. कांहीं तेथेंच थांबून कोश, गाइड किंवा हल्लीं हातांतला फोन उघडतात, आणि पहिला दिसेल तो अर्थ उचलतात. कांहीं घाबरून पुस्तकच मिटतात. मला दुसऱ्यांची काळजी अधिक वाटते. ज्याच्या घरीं इंग्रजी कोणी बोलत नाहीं, त्याला ती भाषा मुख्यतः पुस्तकांतच भेटावयाची. त्यानें पानावरील दहा शब्दांच्या भयानें पुस्तक मिटलें, तर त्याची वाटच खुंटली.

वस्तुतः अर्थ ओळखण्याची ही विद्या प्रत्येक मूल घरूनच घेऊन येतें. गायमुखचा घाट, नाशिकास गोदावरीचा घाट, समईचा सुबक घाट आणि आत्याबाईंनीं घातलेला लग्नाचा घाट, ह्या चार घाटांत मराठी मूल कधीं चुकत नाहीं. हे अर्थ त्याजकडून कोणीं पाठ करविले? कोणींच नाहीं, शेजारच्या शब्दांनीं ते शिकविले.

आपल्या शास्त्रकारांनीं ह्याचा विचार फार पूर्वींच केला आहे. 'सैंधव' म्हणजे सिंधुदेशांत झालेलें. त्याचा अर्थ मीठही होतो आणि घोडाही. धन्यानें 'सैंधव आण' म्हटलें, तर सेवकानें काय आणावें? धनी पानावर बसला असेल तर मीठ, प्रवासास निघाला असेल तर घोडा! घोड्यांच्या व्यापारावरून ज्याला नांव पडलें असें सांगतात तें घोडबंदर, आणि मिठागरांबद्दल प्रसिद्ध असलेलें भाईंदर, हीं दोन्ही ह्या रस्त्यावरील मुलांच्या परिचयाचीं आहेत. त्यांस तरी हा दृष्टांत परका वाटूं नये. भर्तृहरीनें 'वाक्यपदीयां'त शब्दाचा अर्थ ठरविण्याचीं साधनें मोजून दिलीं आहेत. शब्दाची संगत, विरोध, प्रसंग, स्थळ आणि काळ हीं त्यांतलींच होत.

इंग्रजी वाचतांनाही हींच कामीं येतात. ठाणें स्टेशनावर 'फास्ट' म्हणजे जलद गाडी, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु गोष्टींत वादळ येतांना पाहून कोळ्यांनीं धक्क्याला नाव 'फास्ट' केली, तर तिला वेग दिला असें समजावयाचें काय? वादळ आणि धक्का हे शब्दच सांगतात कीं, नाव घट्ट बांधली. तोच शब्द मेजवानीच्या उलट बाजूस उभा राहिला तर त्याचा अर्थ उपवास. कापडाच्या दुकानांत ऐकला तर पक्का, न जाणारा रंग.

तथापि तर्कालाही मर्यादा आहे. औषधाच्या बाटलीवरील सूचना किंवा सहीचा कागद वाचतांना केवळ अंदाजावर विसंबणें घातक होय. तेथें तर्कामागून कोशाची साक्ष काढलीच पाहिजे. मोल्सवर्थसाहेबांनीं आरंभिलेला आणि कँडीसाहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतही एकेका शब्दापुढें अनेक अर्थ दिलेले आहेत. मनांत कांहीं तर्क धरून जो कोशाकडे जातो, त्यालाच त्यांतून नेमका अर्थ वेंचतां येतो.

विद्यार्थिमित्रहो, अडलेल्या शब्दाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढा आणि परिच्छेद संपवा. मग मागें या, आपला तर्क समासांत लिहा, आणि त्यानंतर कोश उघडा. तर्क खरा ठरला तर तो शब्द कायमचा तुमचा झाला. चुकला, तरी ती चूक तुम्हांस तो शब्द विसरूं देणार नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाकडून रोज वीस शब्द पाठ करून घेण्याऐवजीं एक पान वाचवून घ्यावें. तें अडलें, तर एकदम अर्थ न सांगतां "पुढचें वाक्य वाच; तुला काय वाटतें?" एवढेंच विचारावें. हें विचारावयास स्वतःला इंग्रजी येण्याचीही जरुरी नाहीं. जवळ बसण्यास वेळ मात्र हवा.

माणसाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, असें वडील माणसें सांगतात. शब्दाचीही तशीच करावी.

— एक शिक्षक