चाळलेली किल्ली

प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून अधिक अंतर. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी या दोन ठिकाणांदरम्यान क्वांटम किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी गुप्त बिटांची मालिका, फोटॉनांमार्फत पाठवून दाखवली. तीही प्रयोगशाळेतल्या खास फायबरवरून नव्हे, प्रत्यक्षात आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरवरून. मथळ्यात १०० किलोमीटर आले ते रास्तच होते. पण त्याबद्दलच्या सरकारी निवेदनात दुसराही एक आकडा होता. चाळलेल्या किल्लीचा वेग: १० किलोहर्ट्झपर्यंत. आमची नजर अडली ती ‘चाळलेल्या’ या शब्दावर.

सेकंदाला दहा हजार बिट म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, तेवढी किल्ली हाती आली. तसे नसते. धान्य चाळून झाले म्हणजे पीठ झाले असे होत नाही. चाळणे ही पहिली पायरी. खरी घट त्यानंतर सुरू होते.

एका सेकंदातले ते दहा हजार बिट समोर ठेवून पाहा. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची मोजण्याची पद्धत जुळली, तेवढेच यात उरले आहेत, बाकीचे गळाले. आता यातले काही उघड करून चुका मोजायच्या. चुका निघतातच. कधी फायबरमुळे, कधी तापमानामुळे, कधी डिटेक्टरमुळे. पण नियम कडक आहे: कारण काहीही असो, चूक वाटेत किल्ली चोरू पाहणाऱ्या चोरट्यानेच केली असे धरायचे. चुका दुरुस्त करताना उघड्या वाहिनीवर जेवढे बोलले गेले तेवढे वजा करायचे. मग चोरट्याला जेवढे कळले असू शकते तेही वजा करायचे. बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये बंगळुरूच्या परिषदेत मांडलेल्या पद्धतीचा हा पाठ्यपुस्तकी हिशेब. सगळे आदर्श धरले, तर ३ टक्के चुकांना दहा हजारांतले साधारण ६,१०० बिट उरतात. ७ टक्क्यांना २,७००. ११ टक्क्यांना काहीच नाही. चाळलेली किल्ली मात्र तिन्ही वेळा दहा हजारच असते.

म्हणून चाळलेल्या किल्लीचा आकडा एकटा सांगण्यात अर्थ नाही. आणि नुसते किलोमीटर सांगणे त्याहून अपुरे आहे.

अंतर वाढते तेव्हा काय होते ते पाहा. चांगल्या फायबरमध्येही दर किलोमीटरला ०.२ डेसिबल प्रकाश घटतो. १०० किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोहोचतो, २०० किलोमीटरवर दहा हजारांतला एक. डिटेक्टरचे खोटे ठोके, म्हणजे फोटॉन न येताच झालेल्या नोंदी, मात्र अंतराबरोबर घटत नाहीत. फोटॉन विरळ होत जातात, खोटे ठोके तेवढेच राहतात, चुकांची टक्केवारी चढते, आणि एका टप्प्यावर किल्ली एकदम संपते. अंतराचा विक्रम बहुतेक वेळा या कड्याच्या टोकावर उभे राहून केलेला असतो. तिथे यंत्रणा चालते हे सिद्ध होते. ती वापरता येईल, हे नाही.

विक्रम करूनही हिशेब सरळ सांगता येतो. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी ‘ट्विन-फील्ड’ पद्धतीने १,००२ किलोमीटर फायबर पार केले. फायबर प्रयोगशाळेतले, अतिशय कमी घट होणारे. वेग त्यांनी लपवला नाही: सेकंदाला ०.००३४ बिट. एक बिट मिळायला जवळपास पाच मिनिटे. एईएस या नेहमीच्या कूटलेखन पद्धतीची २५६ बिटांची एक किल्ली पुरी व्हायला सुमारे २१ तास. शिवाय हा आकडा अमर्याद मोजणी गृहीत धरून काढलेला होता. प्रत्यक्षात मोजणी कधीतरी थांबवावी लागते. तो हिशेब धरून त्यांनी ९५२ किलोमीटरचा आकडा वेगळा दिला. स्वतःच्या विक्रमातले ५० किलोमीटर त्यांनी स्वतःच बाजूला काढले. त्याच प्रयोगात २०२ किलोमीटरवर सेकंदाला ४७ हजार बिट मिळाले होते. ज्याला यंत्रणा विकत घ्यायची आहे, त्याच्या कामाचा आकडा हा आहे.

आपल्याकडेही हे जमते. जून २०२५ मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओ यांनी संस्थेच्या आवारात एक किलोमीटरहून अधिक अंतरावर, मोकळ्या हवेतून, गुंतलेल्या फोटॉनांच्या साहाय्याने किल्ली पाठवली. सुरक्षित किल्लीचा वेग सेकंदाला सुमारे २४० बिट, चुका ७ टक्क्यांहून कमी. अंतर लहान आहे, पण निवेदन पूर्ण आहे. वजाबाकी करून उरलेली किल्ली सांगितली आणि चुकांचे प्रमाणही सांगितले. २५६ बिटांची किल्ली साधारण सेकंदाभरात तयार होते, हे कोणालाही ताडून पाहता येते. २०२२ च्या १०० किलोमीटरइतकीच ही मोठी गोष्ट आहे, असे आम्ही मानतो.

आता राष्ट्रीय क्वांटम मिशन. मंजुरी एप्रिल २०२३ ची, रक्कम ६,००३ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंत. उपग्रहामार्फत २,००० किलोमीटर, शहरांदरम्यानही २,००० किलोमीटर. उद्दिष्ट पुन्हा अंतराचेच. फायबरवर २,००० किलोमीटर एका झेपेत होत नाहीत. बीजिंग-शांघाय मार्ग तेवढाच लांब आहे, आणि तिथे वाटेत ३२ विश्वासू केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रात किल्ली उघडी होते आणि पुढे जाते. अशा साखळीत टोकापासून टोकापर्यंतचा वेग सर्वांत संथ टप्प्याइतकाच असतो. एक टप्पा अडखळला तर बाकीच्या टप्प्यांचा वेग काही कामाचा नाही. एकूण किलोमीटर पाहून त्या टप्प्याचा पत्ताही लागत नाही.

वापरणाऱ्यालाही तो लागत नाही. किल्ली हळू आली म्हणून दूरध्वनी बंद पडत नाही की बँकेचा व्यवहार थांबत नाही. फक्त एईएसची किल्ली कमी वेळा बदलली जाते. मिनिटाला बदलायची ती तासाने बदलते, तासाने बदलायची ती दिवसाने. पडद्यावर सगळे नेहमीसारखेच दिसते. ज्या सुरक्षेसाठी पैसे मोजले ती किती उरली, हे सांगणारा आकडा कोणाच्या समोर येतच नाही. आम्हाला काळजी वाटते ती याची.

तेव्हा मिशनच्या प्रत्येक अहवालात किलोमीटरच्या शेजारी टप्प्यागणिक आकडे छापावेत. अंतिम किल्ली सेकंदाला किती बिट, चुका किती टक्के, आणि हे किती तासांच्या मोजणीवरून काढले. चाळलेली किल्ली छापायचीच तर अंतिम किल्लीच्या खाली, लहान अक्षरात. आणि हे आकडे प्रयोगशाळेत रिळावर गुंडाळलेल्या फायबरचे नकोत. मे महिन्यातल्या दुपारी, खांबांवरून वाऱ्याने हलत गेलेल्या फायबरचे हवेत.