चार हरणं, डोकं एक



तुर्भ्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नववीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला दोनदा फिट आली. डॉक्टरांनी ई.ई.जी., म्हणजे मेंदूचा आलेख, काढून आणायला सांगितला. चिठ्ठी मिळून तीन आठवडे झाले तरी पोरगा जायचं नाव घेईना. बहिणीला वाटलं, शॉकला घाबरतो. एका रविवारी मी त्याला जवळ बसवून विचारलं तेव्हा खरं कळलं. मित्राने सांगितलं होतं की डोक्याला वायरी लावल्या की मनातलं सगळं कागदावर उमटतं, पोलीस चोरांना तेच लावतात. "मामा, माझ्या मनातलं आईने वाचलं तर?" चौदा वर्षांच्या पोराच्या मनात काय असतं ते आपण जाणतो. मी हसलो नाही.

त्यांच्या भिंतीवर एक फोटो आहे, आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा घेतलेला. १ क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत डोकं एकच. ज्या हरणाकडे बघावं त्याचंच ते डोकं वाटतं. डोकं नेमकं कुणाचं यावरून त्या दिवशी मामा-भाच्यात चांगलीच जुंपली होती. मी फोटो खाली काढला आणि म्हटलं, "पंधराशे वर्षांत हा दगड हललेला नाही. मग बदलतं काय?"

"मी डोळे फिरवतो म्हणून बदलतं," तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता. म्हणून मी त्याच्या वहीत खोका काढला. तुम्हीही काढा. एक चौकोन काढायचा, त्याला थोडासा झाकणारा तेवढाच दुसरा चौकोन वर उजवीकडे काढायचा, आणि दोघांचे कोपरे कोपऱ्यांना जोडायचे. मधोमध ठिपका देऊन त्यावरच नजर ठेवा. काही सेकंदांत पुढची बाजू मागे जाते, मागची पुढे येते. नजर हललेली नसते, कागद हललेला नसतो. नेकर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाच्या हे १८३२ साली लक्षात आलं, स्फटिकांची चित्रं बघताना. डोळ्यात पडणारं चित्र एकच, पण त्याचे दोन अर्थ सारखेच बसतात. मेंदू एक धरतो, मग सोडून दुसरा धरतो. दोन्ही एकदम कधीच नाही. जोर लावला तर अदलाबदल लवकर होते, थोडी लांबवताही येते, पण कायमची थांबवता येत नाही. पोराने दहा मिनिटं हट्टाने करून पाहिलं.

आता त्या वायरी. मेंदूच्या पेशींचं काम विजेच्या अगदी बारीक कंपनांवर चालतं, एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी इतकी बारीक. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ साली ती माणसाच्या डोक्यावरून प्रथम टिपली. १९२९ साली त्याने ते छापलं. डोळे मिटून स्वस्थ बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी लाट दिसते. तिला अल्फा म्हणतात. डोळे उघडले की ती ओसरते.

पुढे संशोधकांनी लोकांना असा खोका दाखवून डोक्याला वायरी लावल्या, आणि बाजू पालटली की बटण दाबायला सांगितलं. पालटण्याच्या सुमारास अल्फा कमी झालेली दिसली. काही प्रयोगांत सेकंदाला ३० पेक्षा जलद लहरी वाढलेल्या दिसल्या. यात एक गोम आहे. बोट दाबलं जातं ते पालटून झाल्यावर, त्यामुळे नेमका क्षण पकडताना संशोधकांच्या नाकी नऊ येतात. आणि पालटलं हेही शेवटी माणसानेच सांगायचं! साधा खोका बघताना ही गत. दवाखान्यातल्या आलेखावरून कुणाची वर्गातल्या कुणावर नजर आहे हे कुठून कळणार?

मित्र मात्र अगदीच खोटं बोलला नव्हता. संशयिताच्या डोक्याला वायरी लावून त्याला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून 'याला माहीत आहे' असं ठरवायचं, ही चाचणी आपल्याकडे झालेली आहे. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना अशा चाचणीचाही आधार घेतला. त्यावर देशातल्या आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी टीका केली. २०१० साली 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नये, असं आपल्या संविधानाचं कलम २०(३) सांगतं. उद्या आपल्या वस्तीतल्या कुठल्या पोराला चौकीवर बसवलं तर हे ठाऊक असलेलं बरं.

भाचा तयार झाला. आदल्या रात्री केस धुतले, तेल लावलं नाही, सांगितल्याप्रमाणे झोपही कमी घेतली. तंत्रज्ञ मुलीने टेपने डोकं मोजून चिकट मलम लावून वायरी बसवल्या. वायरीतून डोक्यात काहीच जात नाही, डोक्यातलं तेवढं यंत्रावर दिसतं. डोळे मीट, उघड, जोरात श्वास घे, मग लुकलुकता दिवा. अर्ध्या तासात सुटका. अल्फा कुठे सुरू झाली ते तिने पडद्यावर दाखवलं तेव्हा स्वारी खूश.

आलेखात टोकदार लहरी निघाल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. पण आलेख स्वच्छ आला म्हणजे आजार नाही असंही नसतं. फिट कशी आली, किती वेळ टिकली, हे बघणाऱ्याने डॉक्टरांना नीट सांगावं लागतं. फिट आली की कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका. गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

परवा गेलो तर वहीच्या मागच्या पानांवर नुसते खोके. पोरगा आईच्या मागे लागला होता, "सांग, कुठली बाजू पुढे?"

भाकरी थापता थापता तिने एकदा पाहिलं. "मला तर बाबा सपाट रेघाच दिसतात."

तेही बरोबर आहे. खोक्याचा हा तिसरा अर्थ मी त्याला सांगायचा विसरलो होतो.