पाहिलेले आणि पाठ केलेले

आम्ही मराठी शिकवतो. विज्ञान कसे शिकवावे, यावर आम्ही बोलणे ही तशी अनधिकार चर्चाच. तरीही हा विषय आम्हांला आमचा वाटू लागला, त्याला एक मेणबत्ती कारण झाली.

नागपुरात महानगरपालिका आणि 'असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन' ही संस्था 'अपूर्व विज्ञान मेळावा' भरवत आली आहे. तेथे महानगरपालिकेच्या शाळांतील मुले साध्या, स्वस्त वस्तूंनी प्रयोग करून दाखवतात आणि ते पाहुण्यांना समजावूनही सांगतात. अशाच एका टेबलापाशी सातवीतल्या मुलीने ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर ग्लास पालथा घातला. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढले. आम्ही तत्परतेने शाळेतले उत्तर दिले : ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली.

ती म्हणाली, "सर, ज्योत जळत होती तेव्हा पाणी चढत होतं का?"

पुन्हा पाहिले. पाणी भरभर चढले ते ज्योत मंदावून विझताना आणि त्यानंतर. मग तिने तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच; पाणी मात्र अधिक चढले. ज्योतीने तापलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते, हे त्यामागचे मुख्य कारण. आमचे उत्तर तीस वर्षांचे जुने होते आणि त्या तीस वर्षांत आम्ही एकदाही ग्लास पालथा घातला नव्हता.

येथे प्रश्न भाषेचा होतो. 'ज्योत विझल्यावर पाणी चढले' हे वाक्य त्या मुलीचे स्वतःचे होते. आमच्या पदवीच्या वर्गात कवितेवरील उत्तरे येतात ती गाइडमधून. कविता वाचून तुम्हांला काय जाणवले, असे विचारताच वर्ग गप्प होतो. ही मुले बुद्धीने कमी नाहीत. आधी स्वतः पाहावे आणि मग लिहावे, हे त्यांच्याकडून शाळेत कुणी करून घेतलेलेच नसते.

हे घडवता येते, याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झाला आणि पुढे शेकडो शाळांत पोचला. सहावी ते आठवीच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते. तयार उत्तरे नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. 2002 मध्ये शासनाने तो बंद केला.

साठ मुलांचा वर्ग आणि अभ्यासक्रमाची घाई या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. त्या आम्हीही भोगतो. परंतु ताटली, ग्लास आणि मेणबत्ती यांना प्रयोगशाळा लागत नाही. खरी अडचण गुणदानाची आहे. मुलाने पाहिलेले लिहिले आणि ते पुस्तकाशी जुळले नाही, तर गुण कुणाला द्यायचे?

मेळावा वर्षातून काही दिवसांचा असतो. उरलेले वर्षभर वर्गात व्याख्याच लिहून द्यायच्या असतील, तर त्या मुलीचे वाक्य आमच्या वर्गापर्यंत पोचणार नाही. आमच्यापर्यंत येईल ते पुन्हा गाइडच.