मुरमाची वाट आणि तिचे धनी

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग साकोलीच्या पुढे गेला की रान जवळ येऊ लागते. डाव्या हाताला नागझिऱ्याचे जंगल, उजव्या हाताला नवेगावचे. कोहमाऱ्याला महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळावे आणि नवेगावबांधच्या आसपास डांबरी रस्त्याचीही संगत सोडावी. मग सुरू होते ती मुरमाची वाट. तांबूस, थोडी खडबडीत, मधोमध गवताची रेघ असलेली. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला तलावाची पाळ, आणि पाळीच्या मागे साग, ऐन, मोहाचे रान. हिवाळ्यातल्या सकाळी या वाटेने सायकल चालवणे हे सुख आहे, यात शंका नाही. चाकाखाली मुरूम करकरतो, पाणकोंबड्या शिंगाड्याच्या वेलीतून पळतात, आणि मैलभर एकही मोटार भेटत नाही.

या सुखाला आता एक नाव मिळाले आहे. जगभर त्याला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या छोट्या गावाभोवतीच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ मध्ये दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि पाहता पाहता तिचे प्रस्थ वाढले. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होऊ लागली. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल, पण टायर चांगले रुंद, अशी वेगळी सायकल त्यासाठी निघाली. आपल्या शहरांतल्या दुकानांतूनही ती आता दिसते. चांगली घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात जाते. साहजिकच अशा सायकली घेतलेली मंडळी डांबर नसलेल्या वाटा शोधू लागली आहेत. तळी आणि जंगले एकत्र असलेला प्रदेश त्यांना विशेष प्रिय. महाराष्ट्रात असा प्रदेश कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे : पूर्व विदर्भाची झाडीपट्टी.

पण इथेच थोडे थांबायला हवे. ज्या वाटेचे आपण इतके कौतुक करतो, ती वाट कोणाची आहे आणि कोणामुळे टिकली आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावरून चाक फिरवणे बरे नव्हे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. निसर्गाने इथे सरोवरे दिली नाहीत. ती माणसांनी बांधली. चांद्याच्या गोंड राजांनी अशी रीत घालून दिली होती म्हणतात, की जो रान मोडून गाव वसवील त्याला गावाची पाटीलकी, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. ही हाक ऐकून पुढे आलेला समाज म्हणजे कोहळी. नवेगावच्या तलावाशी कोलू पाटील या कोहळ्याचे नाव आजही जोडले जाते. टेकड्यांच्या मधल्या खिंडी हेरून पाळ घालायची आणि पावसाचे पाणी अडवायचे, हे काम त्या लोकांनी नकाशाशिवाय केले. पाणी सोडण्यासाठी ‘तुडूम’, जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा, वरच्या तलावाचे पाणी खालच्या बोडीत, बोडीचे बांधीत, अशी सगळी मांडणी. मारुती चितमपल्ली यांनी या पाण्याची आणि त्यावरच्या पाखरांची ओळख मराठी वाचकाला करून दिली. पण त्या पाण्यामागचा कोहळी आणि त्यात जाळे टाकणारा ढिवर अजूनही वाचकाला पुरता भेटलेला नाही.

तलावाच्या पाळीवर माणसे चालली, बैलगाड्या गेल्या, आणि पाळ हीच वाट झाली. म्हणजे झाडीपट्टीत तलाव आणि वाट यांचा जन्म पुष्कळदा एकाच फावड्याने झाला आहे. दोन्हींची निगाही एकाच हाताने होत असे. पावसाळ्याआधी पाळीवरची घळ बुजवणे, मुरूम टाकून तो चोपणे, सांडव्यातला गाळ काढणे ही गावाची कामे होती. मालगुजार ती करवून घेई. तो काही संत नव्हता. वेठबिगारीच्या आणि जुलमाच्या आठवणी गावोगाव आहेत, आणि मालगुजारी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. १९५० च्या कायद्याने मालकी हक्क रद्द झाले, तलाव सरकारजमा झाले. चूक मालगुजारी जाण्यात नव्हती. चूक ही झाली, की मालगुजाराच्या जागी गावाला न बसवता खात्याला बसवले गेले. खाते तालुक्याच्या गावी, पाळ इथे. पाळीला पडलेली घळ खात्याला दिसायला वर्ष लागे, मंजुरीला दुसरे. तोवर तलावात गाळ साचला, कडेने बेशरमीचे रान माजले, देवधानासारख्या पाणवनस्पती आणि त्यांच्यावर जगणारे देशी मासे कमी झाले. रोहू-कटल्याचे बीज सोडून ती उणीव भरून निघाली नाही.

आता रस्त्याकडे वळू. या भागात एका चहाच्या टपरीवर आम्हा सायकलवाल्यांचे मुरमाच्या वाटेवरचे प्रेम ऐकून एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, “तुमाले हा रस्ता चांगला वाटते जी, कारण तुमी उद्या चालले जाल. आमच्या नातीले पावसाळ्यात याच रस्त्यानं शाळेत जा लागते.” यावर उत्तर नव्हते, आणि असायलाही नको. मुरूम कोरडा असतो तोवरच सुखाचा. ऑगस्टमध्ये त्याचा चिखल होतो आणि १०८ ची गाडी फाट्यावर थांबते. बाळंतिणीला तिथपर्यंत खाटेवर न्यावे लागते, तेव्हा त्या वाटेच्या सौंदर्याबद्दल बोलणे हा निर्दयपणा ठरतो.

आणि ती नात तरी कोण? मानव विकास कार्यक्रमातून शाळा दूर असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्या साध्या, बिनगियरच्या सायकलीवर, मागे मैत्रिणीला बसवून, दप्तर पुढे अडकवून ती रोज मुरूम तुडवते. पहाटे मासळीचा डबा बांधून बाजाराला निघालेला ढिवरही तेच करतो. जगात या खेळाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक तो ‘खेळत’ आहेत. फक्त त्यांना त्याचे पदक नको आहे, पक्का रस्ता हवा आहे.

म्हणून ‘या वाटा अशाच राहू द्या’ ही शहरी पाहुण्यांची मागणी मला मान्य नाही. पण तिच्या उलट बाजूला जे चालले आहे, तेही मान्य करता येत नाही. एकदा रस्त्यासाठी पैसा आला की तो सिमेंटमध्येच गेला पाहिजे, अशी एक समजूत होऊन बसली आहे. गावापर्यंतचा रस्ता पक्का व्हावा, हे ठीक. पण तलावाच्या पाळीवर, रानाच्या कडेने जाणाऱ्या पांदणीवर, जिथे दिवसात चार बैलगाड्या आणि दोन ट्रॅक्टर जातात, तिथेही सिमेंट कशासाठी? मातीची पाळ पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते. वरचे सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, तडकते, आणि तडीतून पाणी आत शिरते. मुरमाची पाळ बिघडली तर गावातली चार माणसे दोन दिवसांत ती दुरुस्त करतात. सिमेंट फुटले तर पुन्हा कंत्राटदाराची वाट पाहायची. म्हणजे रस्ता पक्का झाला, पण गावाच्या हातातून गेला. तलावाचे जे झाले तेच.

खरा प्रश्न मुरूम की सिमेंट हा नाहीच. निगा कोणाकडे, हा आहे.

तळी आणि जंगले म्हटली की फिनलंडचे नाव निघते. लहानमोठी धरून तिथे सुमारे १ लाख ८८ हजार तळी आहेत, आणि रानातून जाणारे खडीचे रस्ते लाखो किलोमीटर. युरोपातले सायकलस्वार तिथे हौसेने जातात. पण त्या रस्त्यांची गोष्ट हौसेची नाही. त्यांतले बहुतेक रस्ते सरकारचे नाहीत. रस्त्यालगतचे जमीनधारक एकत्र येऊन त्यांची देखभाल करतात. ज्याचा वापर जास्त, त्याचा खर्चातला वाटा जास्त. सरकार किंवा नगरपालिका अनुदान देते, आणि ते घेतले तर रस्ता इतरांनाही वापरू द्यावा लागतो. खडीचा रस्ता तिथे मागासपणाची खूण मानला जात नाही, कारण तो उत्तम राखलेला असतो; आणि राखलेला असतो, कारण त्याचे धनी तिथेच राहतात. आपल्याकडे थंडी आणि बर्फ नाही, पण पाळ राखणारे गाव होते. ते अजूनही आहे.

याचा पुरावा दूर शोधायला नको. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि जंगल राखणे व बांबू विकणे ही कामे ग्रामसभा स्वतः करू लागली. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासळी परतली. खात्याला जे साधले नाही ते त्यांनी केले, कारण पोट त्या पाण्यावर होते.

सायकलवाल्यांना या चित्रात जागा आहे का? माझ्या मते आहे, पण पाहुण्याची. कोणत्या वाटेने जायचे हे ग्रामसभेने सांगावे. मुक्काम गावातल्या घरी, जेवण गावातल्या चुलीवर, आणि माणशी ठरावीक रक्कम पाळीच्या निगेसाठी ग्रामसभेच्या खात्यात. पावसाळ्यात पाळीवर चाक घालायचे नाही. ओल्या मुरमात उमटलेली चाकोरी हीच पुढच्या घळीची सुरुवात असते.

आणखी एक पथ्य आहे, ते फार महत्त्वाचे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. रानातली पहाट पाहुण्याला मोहक वाटते. पण त्याच पहाटे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया रानात शिरतात. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात तेंदूपानांसाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यांना रानात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याला आहे. आपण साहस म्हणून त्या वेळी तिथे जाणे हा त्यांच्या भीतीचा अपमान आहे. हिवाळ्यात, उन्हे वर आल्यावर, गावाने सांगितलेल्या वाटेने फिरावे. संध्याकाळी परतून, गावात असेल तर मंडई आणि झाडीपट्टीचे नाटक पाहावे. तेवढे सुख पुष्कळ आहे.

सरकारकडे मागणे एवढेच आहे. गावापर्यंत बारमाही पक्का रस्ता हा हक्क माना आणि तो लवकर पुरा करा. पाळीवरच्या आणि रानाकडच्या वाटांचा निधी मात्र ग्रामसभेला द्या. मुरूम कुठून काढायचा, कधी टाकायचा, हे तिला ठरवू द्या. तलावाच्या पाणलोटातली टेकडी पोखरून रस्त्याला मुरूम आणला, तर तलावही जातो आणि रस्ताही. हे गावाला कळते. कंत्राटदाराला कळण्याचे कारण नसते.

टपरीवरच्या त्या गृहस्थांना निघताना मी विचारले, रस्ता पक्का झाला तर पाळीवरच्या वाटेचे काय? ते हसले. “ते राहू द्या जी,” म्हणाले, “ते आमी पाहून घेऊ. तुडूम त तिकडंच आहे ना.”

त्यांना एवढे ‘पाहून घेऊ’ दिले, तरी झाडीपट्टीतले निम्मे प्रश्न सुटतील.