सर्कलमध्ये आधी कोण?

गावोगावी चौकात सर्कल झाली. मधोमध पुतळा, भोवती छोटीशी बाग. पण तिथे आधी कोणी जायचं, हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं. ज्याचा हॉर्न मोठा तो पुढे! मुलाला मागे बसवून शाळेत निघालेली स्कूटीवरची आई जरा थांबली, की मागून टोमणा ठरलेला, "बाईच असणार!"

मैत्रिणींनो, अशा वेळी थांबणारी बरोबर असते आणि टोमणा मारणारा चूक. आपण डाव्या बाजूने वाहन चालवतो, म्हणून सर्कलला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा घालायचा आणि शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आत फिरणारं वाहन आपल्या उजवीकडूनच येतं, म्हणजे पहिला मान आतल्याचा. मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल त्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यावी, हे १९८९ च्या केंद्रीय नियमांतच सांगितलं होतं.

असं का? एसटीचं उदाहरण घ्या. उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा कुठून मिळणार? सर्कलचंही तसंच. ब्रिटनमध्येही आधी सगळे एकदम आत घुसायचे आणि सर्कल जाम व्हायचं. १९६६ मध्ये तिथे उजवीकडच्याला अग्रक्रम देण्याचा नियम झाला आणि ही कोंडी फुटली.

आपल्याकडे नियम आहे, पण तो सांगतो कोण? लाल किनारीचा उलटा त्रिकोण म्हणजे 'वाट द्या', हे किती जणांना माहीत असतं? मुळात ती पाटी किती सर्कलवर दिसते? दिसतात ते वाढदिवसाचे फ्लेक्स! त्यांच्याआडून येणारी गाडी दिसतच नाही. चार पावलं वाचवायला उलट्या बाजूने घुसणारे आहेतच. यात जीव जातो तो दुचाकीवाल्याचा, नाहीतर पायी चालणाऱ्याचा.

म्हणून नगरपालिकेकडे दोन गोष्टी मागू या : प्रत्येक सर्कलवर 'वाट द्या'ची पाटी लावा आणि तिथले फ्लेक्स हटवा. बचत गटाच्या सह्यांचं एक निवेदन पुरेसं आहे. आणि पुढच्या बैठकीत खडूने जमिनीवर एक गोल काढा, काड्यापेटीच्या गाड्या फिरवा. दहा मिनिटांत नियम कळतो. मग घरी जाऊन तो नवऱ्याला आणि मुलांनाही सांगा. हॉर्न वाजला म्हणून घाबरून गाडी पुढे घालू नका. रस्ता मोकळा दिसला, की मगच निघा.