देवीसिंगला फाशी दिली असती तर

ऑगस्ट २०२१ मध्ये झी मराठीवरची ‘देवमाणूस’ संपली आणि साताऱ्याच्या राजवाड्यापासून सांगलीच्या गणपती पेठेपर्यंत एकच तक्रार कानावर येऊ लागली. ‘वर्षभर रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसलो ते हे बघायला?’ डॉक्टर म्हणून गावात मिरवणारा, बायकांना नादी लावून लुबाडणारा आणि त्यांचा जीव घेणारा अजितकुमार देव ऊर्फ देवीसिंग काही फासावर गेला नाही. डिसेंबरात दुसरे पर्व सुरू झाले आणि तो जिवंत परतला, तेव्हा तर चिडलेल्यांना आणखी जोर चढला. पैशासाठी शेवट लांबवला, प्रेक्षकांना फसवले, असे लोक उघड बोलू लागले.

हा राग मला समजतो, पण पटत नाही. तो खोडून काढण्याआधी त्याची सगळ्यात भक्कम बाजू मांडायला हवी. ती एका निवृत्त सिस्टरबाईंनी माझ्यापुढे मांडली. ‘कोर्टात किती वर्षं लागतात हे आम्हाला ठाऊक आहे हो. निदान गोष्टीत तरी न्याय होऊ द्या की!’ या बोलण्यात दम आहे. आपल्याकडे वगातला राजा शेवटी न्याय करतो, कीर्तनातला हिरण्यकश्यपू उंबऱ्यावर फाडला जातो. पापाचा घडा भरतो आणि फुटतो, हे पाहायची सवय या मातीला शेकडो वर्षांची आहे. घरी परतताना माणसाला धीर लागतो आणि तो गोष्टीने द्यावा, ही मागणी बालिश नाही.

पण ही गोष्ट पुराणातली नव्हती. ती आली वाई तालुक्यातून. ऑगस्ट २०१६ मध्ये धोमच्या संतोष पोळला अटक झाली. अंगणवाडी शिक्षिकांच्या संघटनेचे काम करणारी एक बाई बेपत्ता झाली होती, तिच्या तपासातून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. पुढे जे बाहेर आले त्याने सातारा जिल्हा हादरला. २००३ पासूनच्या तेरा वर्षांत पाच बायका आणि एक पुरुष अशा सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. धोममधल्या त्याच्या शेतघराच्या आवारात खोदकाम झाले, तिथून मानवी सांगाडे निघाले. ‘डॉक्टर’ म्हणून तालुका ज्याला ओळखत होता, त्याच्याकडे एमबीबीएसची पदवी नव्हती. ज्येष्ठ सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्याकडे हा खटला सोपवण्यात आला आणि त्याची एक साथीदार माफीची साक्षीदार झाली.

अटकेला पाच वर्षे झाली त्याच महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. साताऱ्याच्या न्यायालयात खटल्याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. ही गोष्ट शेवटावर चिडलेल्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात होती. मालिकेने देवीसिंगला फासावर चढवले असते, तर आपण समाधानाने टीव्ही बंद केला असता आणि वाईचे प्रकरणही मनातल्या मनात मिटवून टाकले असते. ‘झालं एकदाचं’ म्हणून झोपलो असतो. आणि ज्यांची लेक, आई, भाऊ गेला त्या घरांतली माणसे मात्र पुढच्या तारखेची वाट पाहत राहिली असती. जो निकाल न्यायाधीशांनी अजून दिलेला नाही तो पटकथाकाराने देऊ नये. आरोपीच्या बाजूनेही हेच न्यायाचे आहे आणि मेलेल्यांच्या बाजूनेही. शेवट टांगता ठेवण्यामागे वाहिनीचा हेतू दुसऱ्या पर्वाचा असेल, मी त्याची वकिली करत नाही. पण हेतू काहीही असो, त्या रात्री पडद्यावर जे अर्धवट राहिले ते साताऱ्यात खरोखरच अर्धवट होते.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडून आला. कोविडच्या दिवसांत खरे डॉक्टर रात्रंदिवस राबत असताना डॉक्टरलाच खुनी दाखवता, लोकांचा विश्वास उडवता, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही मी म्हणेन की हा आक्षेप टिकत नाही. मालिकेतला माणूस डॉक्टर नव्हताच, तो डॉक्टरांच्या पुण्याईवर जगत होता. आणि ती पुण्याई आयती मिळालेली नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसे गाडीने, बैलगाडीने मिरजेला येत राहिली. हा विश्वास बऱ्या झालेल्या माणसांनी गावोगाव नेला. तो एका मालिकेने उडत नसतो. त्याला धक्का देतो तो खोटी पाटी लावून बसलेला माणूस. त्याला पडद्यावर आणणे हे डॉक्टरांच्या हिताचेच आहे.

तिसरे म्हणणे होते, ‘अहो, मनोरंजन आहे, एवढं काय मनावर घेता!’ ज्या कहाणीमागे खऱ्या माणसांचे सांगाडे निघाले आहेत, तिच्याबद्दल हे वाक्य उच्चारू नये, एवढेच म्हणतो.

मग मालिका निर्दोष होती का? मुळीच नाही. माझा आक्षेप शेवटच्या भागावर नाही, आधीच्या सगळ्या भागांवर आहे. किरण गायकवाडने देवीसिंग जबरदस्त उभा केला, त्याच्या नुसत्या बघण्याने अंगावर काटा यायचा. पण लिहिणाऱ्यांनी सगळा डाव त्या एकट्याच्या अकलेवर सोडला. तो हुशार, तो चपळ, तो दर वेळी निसटतो. गाव फक्त भाबडे. असा माणूस गावात वर्षानुवर्षे टिकतो तो त्याच्या एकट्याच्या हुशारीने टिकत नाही.

इथे मला सांगलीचाच दाखला द्यावासा वाटतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, आणि पुढे त्याच पंचक्रोशीतल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकाचा शेवट गोड आहे. सगोत्र निघाल्याने म्हाताऱ्या भुजंगनाथाचे लग्न मोडते आणि शारदेला कोदंड मिळतो. पण शंभर वर्षे लोकांनी लक्षात ठेवले ते वेगळेच. पैशाला भुललेला बाप कांचनभट आणि सौदा जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. एका मुलीचा घात करायला किती हात लागतात, हे देवलांनी हातासकट दाखवले. म्हणून नाटक पाहून उठलेल्या बापाला स्वतःकडे बघावे लागले. ‘देवमाणूस’ पाहून उठलेल्या कुणाला स्वतःकडे बघावे लागले?

वाडीवस्तीवरचा असा दवाखाना ज्याने पाहिला आहे, त्याला हे हात ओळखीचे आहेत. रस्त्याकडेचा गाळा. आत एक टेबल, पडद्यामागे लोखंडी खाट, भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली सलाईनची बाटली. ताप असो की कंबरदुखी, सुई मिळतेच, कारण सुई टोचल्याशिवाय आलेल्याला औषध घेतल्यासारखे वाटत नाही. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून हातावर. चिठ्ठी मात्र नाही. चिठ्ठी दिली तर तिच्यावर नोंदणी क्रमांक यायला हवा, आणि मेडिकलवाल्याच्या नजरेला तो पडायला हवा. पुडीला क्रमांक लागत नाही. रात्री अकराला दार वाजवले तरी हा माणूस उठतो, पैसे ऊसबिल आल्यावर दिले तरी चालतात, म्हातारीला नावाने हाक मारतो. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीला तीस हजार वस्तीमागे एक आणि डोंगरी भागात वीस हजारांमागे एक असा आहे. पाटण-जावळीच्या एखाद्या वाडीतून तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि संध्याकाळनंतर एसटी नसते. ही जागा रिकामी आहे म्हणून तिथे कुणीतरी येऊन बसतो. त्याची पदवी सरपंच विचारत नाहीत, गाळामालक विचारत नाही, त्याला औषधांचा माल पुरवणाराही विचारत नाही.

आणि खोट्या पदवीचाच प्रश्न आहे असेही नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका गर्भवती बाईच्या मृत्यूच्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथला दवाखाना चालवणारा होमिओपॅथीची खरी पदवी असलेला होता. तो लपून बसलेला नव्हता. त्याचा दवाखाना गावात उघड उभा होता, तिथे बायका येत होत्या, त्यांना कुणीतरी आणून सोडत होते. ओढ्याकाठी एवढे पुरले जाईपर्यंत कुणाच्या कानावर काही आलेच नसेल, हे मानायला माझे मन तयार होत नाही.

वाईतही तेच. एकेक माणूस नाहीसे होत गेले ती वर्षे तेरा आहेत. घरचे लोक पोलीस ठाण्यात गेले, ‘मिसिंग’ची नोंद झाली, आणि नोंद तशीच राहिली. आरोपी तक्रारअर्ज करणारा, अधिकाऱ्यांविरुद्ध बोलणारा म्हणून दबदबा राखून होता. बाई बेपत्ता झाली की आधी तिच्या चारित्र्याची चर्चा होते, ‘गेली असेल कुणाबरोबर’ असे म्हणायला शेजारीपाजारी तयार असतात. ही चर्चा खुन्याला किती वर्षे मिळवून देते याचा हिशेब कोणत्याच भागात झाला नाही. उलट मालिकेतही मेलेली बाई पुढच्या आठवड्यात विसरली जायची, आणि आपण प्रेक्षकही विसरायचो. आपल्याला उत्सुकता असायची ती आता पुढची कोण याची.

म्हणून मी म्हणतो, शेवट बदलायचाच होता तर फाशीने बदलायला नको होता. शेवटच्या भागात देवीसिंग दिसला नसता तरी चालले असते. त्या भागात तिसऱ्यांदा पोलीस ठाण्यात आलेला एखाद्या बाईचा भाऊ हवा होता, आणि त्याच्यासमोर उघडलेली नोंदवही. दवाखान्यासाठी गाळा देताना फक्त अनामत रक्कम मोजलेला मालक हवा होता. पुडीतल्या गोळ्या पोराला देणारी आई हवी होती, जिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

‘देवमाणूस’ २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ म्हणून पुन्हा आली. तिच्याही शेवटावर आपण पुन्हा तावातावाने बोलू. जरूर बोलू. पण त्याच तावाने एवढेही विचारू. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याचे कलम ३३ नोंदणीशिवाय औषधोपचार करणाऱ्यासाठीच आहे, आणि बोगस डॉक्टर शोधायला जिल्ह्याला, तालुक्याला समित्या आहेत. आपल्या तालुक्याची समिती शेवटची कधी बसली, तिने कोणत्या गावात जाऊन कुणाची नोंदणी तपासली, आणि ती तपासायला आपल्यापैकी कुणी कधी अर्ज केला का?